निनावी पाण्याचा नकाशा

जीप ती चालवायची आणि नकाशा मी धरायचे. पहिल्या दिवसापासून हीच वाटणी होती. मला गाडी येत नाही आणि तिला हातात कागद धरून गप्प बसणं जमत नसे.

ती दिग्रसची. तिचे वडील मेकॅनिक, बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. ती त्यांना अब्बा म्हणायची, मी चाचा; तिची अम्मी ती माझी चाची. मी मूळची कळंबची, आता पांढरकवड्याला एका कॉलेजात भूगोल शिकवते. यवतमाळला एम. ए. करताना आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. वर्गातल्या बाकीच्या मुली लग्नं होऊन कुठे कुठे गेल्या, आम्ही दोघी मात्र भूगोलातच अडकून राहिलो. ती दिग्रसला तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. शनिवारी दुपारी तिचा फोन यायचा, "उद्या येऊन राह्यली व. पराठे अम्मी करून देते म्हणते, लोणचं तुह्याकडे."

ती जीप चाचांनी भंगारातून उभी केलेली होती. एका गाडीचं इंजिन, दुसरीची बॉडी, तिसरीची चाकं. लेकीला गाडी शिकवली तीही त्यांनीच, बाजार समितीच्या मोकळ्या आवारात. गल्लीतले लोक काहीबाही बोलायचे. चाचा स्पॅनर पुसत म्हणायचे, "माह्या पोरीले गिअर समजते. तुमच्या पोरायले समजते काय?" आणि पुन्हा बॉनेटखाली डोकं घालायचे.

आमचा उद्योग तसा साधा होता. इंग्रजांच्या काळात या भागाची मोजणी झाली तेव्हाचे जुने नकाशे आता इंटरनेटवर कोणालाही बघता येतात. एका संध्याकाळी तिनं त्यातला एक भाग उतरवून मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. आवाज चढलेला होता.

"पांढरकवड्याच्या खालचा भाग पाह्य. पैनगंगेच्या अलीकडं. दिसली काय निळी निळी गवतं?"

मी पाहिलं. तपकिरी समोच्च रेषांच्या मध्ये, जंगलाच्या हिरव्या रंगात, ठिकठिकाणी निळ्या तुटक रेघा होत्या आणि त्यांवर गवताच्या जुडग्यांसारख्या बारीक खुणा. त्या खुणेचा अर्थ मी दरवर्षी मुलांना शिकवते. दलदल. पण आमच्या जिल्ह्याच्या नकाशात ती खूण असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. यवतमाळ म्हणजे काळी माती, कापूस आणि उन्हाळ्यात कोरडे पडणारे नाले, असंच मी शिकत आणि शिकवत आले होते.

"आपल्या इकडं पाणथळ जंगल होतं बाप्पा," ती म्हणाली. "आणि आपल्याले कोणी सांगितलंच नाही."

तिथून ते सुरू झालं. जुना नकाशा आजच्या उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा. त्यासाठी दोन्हीकडे असलेल्या जागा शोधायच्या, एखादं जुनं देऊळ, नाल्यांचा संगम, टेकडीवरचा मोजणीचा दगडी चौथरा. त्या जागांवर जाऊन मोबाइलवर नोंद घ्यायची. मग नकाशात जिथे निळी गवतं आहेत तिथे जायचं आणि आज काय आहे ते बघायचं. माझ्या कॉलेजातल्या विभागप्रमुख सरांनी छोटासा प्रकल्प म्हणून त्याला मान्यता दिली. खरं तर मान्यता मिळाली नसती तरी ती गेलीच असती.

बहुतेक ठिकाणी आता काही नव्हतं. निळी गवतं होती तिथे कापसाची पऱ्हाटी उभी असायची. एका जागेवरून डांबरी रस्ता गेला होता. एका ठिकाणी मोठा खोलगट भाग शिल्लक होता, पण तो पूर्ण बेशरमीच्या झुडपांनी भरलेला. जांभळी फुलं, आत भेगाळलेली माती. ती जीप बंद करून खाली उतरायची, कमरेवर हात ठेवून नुसती उभी राहायची. मी म्हणायचे, "चल, नोंद झाली."

"थांब व. कोणाच्या मयतीले गेलो तं लगेच उठतो काय आपण?"

नावांवरून मात्र आमचं भांडण व्हायचं. जुन्या नकाशात गावांची नावं इंग्रजी कानाला ऐकू आली तशी लिहिलेली आणि पाण्याच्या जागा तर बहुतेक निनावीच. मी म्हणायचे, मूळ नकाशात नाव नसेल तर आपणही नुसता क्रमांक टाकू. तिला ते पटायचं नाही. ती कोलामांच्या प्रत्येक पोडावर, बंजाऱ्यांच्या प्रत्येक तांड्यावर गाडी उभी करायची आणि पहिलं माणूस दिसेल त्याला विचारायची, "ह्या पाण्याले काय म्हणता तुम्ही?" पाणी आटून पिढी लोटलेली असली तरी नाव सापडायचं. कधी ढोकरीचा खळगा, कधी म्हातारीचा झिरा.

"पाण्याले नाव नसन असं होतच नाही," ती म्हणायची. "साहेबानं विचारलं नसन."

असे दोन हिवाळे गेले. जुन्या नकाशातल्या जवळजवळ सगळ्या खुणा आमच्या पाहून झाल्या. शेवटी राहिला होता तो सगळ्यांत आतला ठिपका. कोलामांच्या एका पोडाच्याही पलीकडे, दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत. उपग्रहाच्या चित्रात तिथे फक्त झाडांचे गच्च शेंडे दिसत. जुन्या नकाशातही त्याला नाव नव्हतं.

पावसाळा संपून थंडीची चाहूल लागली होती तेव्हा आम्ही तिथे गेलो. जीप पोडाशी लावली. एका झोपडीसमोर एक वयस्क बाई मोहाच्या झाडाखाली बांबूची टोपली विणत बसली होती. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि वाट दाखवली. "सूर्य कलायच्या आधी परत या पोरीहो," ती म्हणाली. "वाघीण फिरून राह्यली तिकडं."

वाट सागातून उतरत गेली. मग साग संपला, जांभूळ आणि करंज सुरू झाले, हवा गार झाली आणि पायांखालची माती दबायला लागली. ती पुढे होती. एकदम थांबली.

समोर पाणी होतं. डोक्याइतकं उंच गवत, त्यामधून पाणकणसाचे तपकिरी दांडे आणि मध्ये मोकळं, काळंभोर पाणी. त्यावर टिबुकल्या, बदकांसारखी इवली पाणपाखरं. एक खंड्या वाळलेल्या फांदीवरून सुटला आणि पाण्याला टोच मारून परत आला. नकाशावर काढला होता जवळजवळ तसाच आकार, तसाच वाक.

तिनं बूट काढले, सलवार गुडघ्यापर्यंत खोचली आणि गवत बाजूला सारत आत शिरली. मी ओरडले, "अगं, खोल असेल!" ती वाटेत उचललेला बांबू टेकवत टेकवत गेली, कमरेपर्यंत पाण्यात उभी राहिली आणि वळून मला म्हणाली, "आहे व. हे आहे अजून." ती हसत होती की रडत होती ते मला लांबून कळलं नाही. मी फोटो काढला. फोटोतही ते कळत नाही.

नंतर आम्ही काठावरच्या गवतात बसून पराठे खाल्ले. ती आडवी झाली, ओढणी तोंडावर घेऊन. म्हणाली, "आता मी मेली तरी चालन. एक तं सापडलं." माणूस किती सहज बोलतं हे. मी तिच्या पायावर चापट मारली होती.

एका बाजूचा काठ आम्ही चालून नोंदवला. दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत ऊन उतरायला लागलं, म्हणून निघालो. पोडावर आलो तर ती बाई नव्हती. तिची लोकं लाकडाला गेलेली. "पुढल्या खेपेले नाव विचारू," ती म्हणाली आणि जीप सुरू केली.

आठवडा-दीड आठवडा गेला असेल. फोन आला. "मले ताप आहे व. या रविवारी नाही जमत."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"टायफाइड असन म्हणते. गोळ्या देल्ल्या. उतरून राह्यला, पण डोकं लय दुखते."

ताप उतरला नाही. दिग्रसला सलाइन लागलं, डेंग्यूची तपासणी झाली, तो निघाला नाही. मी गेले तेव्हा ती पलंगावर बसली होती, डोळे लाल, ओठ सुकलेले. तरी मला म्हणाली, "त्या पाण्याची हद्द आखली काय तू?"

"नाही अजून."

"आखू नोको. अर्धी बाजू आपण पाह्यलीच नाही. पलीकडून फिरून येऊ, मंग आख. अंदाजानं आखशीन तं याद राख."

दोन दिवसांत तिला धाप लागायला लागली आणि चाचांनी तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आणलं; मीही तिथे पोचले. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला पालथं करून नीट तपासलं. कमरेच्या मागे, सलवारीची नाडी जिथे येते तिथे, एक काळी खपली होती. विडीचा चटका बसल्यासारखी. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून तिला स्वतःलाही ठाऊक नव्हती. बाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. हा गवतातल्या किड्याचा ताप आहे, म्हणाल्या, डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक किडा असतो. औषध आहे, लगेच सुरू करतो, पण उशीर झालाय, फुप्फुसांत उतरलंय.

चाचांनी विचारलं, "कोणतं गवत?"

बाई म्हणाल्या, "असं सांगता येत नाही काका. ओलसर जागेतलं. रानातलं."

चाचा माझ्याकडे वळले नाहीत. पण त्यांना कळलं होतं आणि मलाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्या काठावर मीही बसले होते, तेच पराठे खाल्ले होते, त्याच गवतात पाय पसरले होते. मला काही झालं नव्हतं.

काचेच्या दारातून तिचे पाय दिसायचे. किडनी गेली, मग मशीन लावलं. एका सकाळी नर्सनं चाचांना आत बोलावलं आणि ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तिच्या कानातल्या रिंगा होत्या. त्यांनी त्या मला दिल्या. "चाचीकडे दे," एवढंच म्हणाले.

दिग्रसला त्यांच्या घरी बायका दाटीनं बसल्या होत्या. मला वाटलं होतं की मी तिला शेवटपर्यंत पोचवीन. पण कब्रस्तानात बायका जात नाहीत. जनाजा उचलला, पुरुष गल्लीतून वळले आणि मी उंबऱ्यात उभी राहिले. दोन वर्षं जंगलात एकही वाट आम्ही एकमेकींना सोडून चाललो नव्हतो. चाचींनी माझा हात धरून मला खाली बसवलं. त्या रडत नव्हत्या. माझ्या केसांतून हात फिरवत एकच विचारत राहिल्या, "जेवली का गं तू काही?"

त्यानंतर मी लॅपटॉप उघडला नाही. सरांनी एकदा चौकशी केली, मग तीही सोडली. वर्गात नकाशातल्या खुणांचा धडा आला तेव्हा मी दलदलीची खूण गाळून पुढे गेले.

तिच्या चाळिसाव्या दिवसाची फातिहा होऊन काही दिवस झाले असतील. एका रविवारी सकाळी माझ्या खोलीखाली ओळखीच्या इंजिनाचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर चाचा होते.

"बेटी, मले ती जागा दाखव," ते म्हणाले.

मी नाही कसं म्हणणार? नकाशा घेतला, पूर्ण बाह्यांचा कुडता घातला, बूट घातले. मागच्या सीटखाली एक कॅन होता. मला वाटलं, गाडीचं डिझेल. वाटेत ते एकदाच बोलले. एका चढावर गिअर टाकताना म्हणाले, "इथं तिनं क्लच दाबला असन पुरा. नेहमी दाबे. लाख वेळा सांगितलं."

पोडाशी जीप लावली आणि ते कॅन घेऊन उतरले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "चाचा, हे कशाला?" त्यांनी वाटेकडे बोट दाखवलं. मी पुढे, ते मागे. कॅनमधलं डिझेल पावलागणिक डुचमळत होतं. सगळ्या वाटेवर दुसरा आवाज नव्हता.

घळीत उतरलो. काठाचं गवत आता वाळून पिवळं पडलं होतं. एका बाजूला काही बायका विळ्यांनी ते कापून पेंढ्या बांधत होत्या. त्यात ती टोपली विणणारी बाईही होती. चाचांनी पाण्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग कॅनचं झाकण फिरवलं.

त्या बाईला वास आला असेल. ती विळा हातात घेऊन उठली.

"कायले जी? काय करून राह्यले?"

"जाळतो," चाचा म्हणाले. "ह्या गवतानं माही पोरगी नेली."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. बाजूला जीप चालवणारी नव्हती, आणि तिला उमगलं. तिचा चेहरा पडला. "ती? हसे ते?" मी मान हलवली. ती खाली बसली, विळा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "माही सूनही अशीच गेली जी, पोरगं पोटात असताना. तापानंच. आम्हाले तं कोणी सांगितलंही नाही कायचा ताप."

चाचा तसेच उभे होते.

"मीही रागावली होती," बाई म्हणाली. "पण घरावर काय टाकू मंग? हेच गवत आहे आमच्या छपरावर. तिच्या खोलीवरही हेच होतं."

चाचांच्या हातून कॅन सुटला नाही, पण ते हळूहळू खाली बसले. मांडी घालून, ओल्या मातीवर. आणि मग मोठ्यानं रडले. दवाखान्यात नव्हते रडले, घरी नव्हते. बायकांनी कापणी थांबवली. कोणी जवळ आलं नाही, कोणी गेलंही नाही. पाण्यावरच्या टिबुकल्या बुडून दुसरीकडे निघाल्या आणि पुन्हा बुडाल्या. ते शांत झाल्यावर त्या बाईनं त्यांना भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी दिलं. त्यांनी ओंजळीनं प्यायलं.

मी त्यांच्याजवळ बसले. माझ्या मनात बरेच दिवस एक गोष्ट होती. म्हटलं, "चाचा, नकाशात ह्या पाण्याला नाव नाही. कोरंच आहे. मी तिचं नाव घालू?"

त्यांनी माझ्या हातातला नकाशा घेतला, उघडला, त्या ठिपक्यावर काळ्या नखाचं बोट ठेवलं. मला वाटलं, हो म्हणतील. त्यांनी हो म्हणावं असंच मला हवं होतं. एखाद्या कागदावर, जो कोणीतरी जपून ठेवील, तिचं नाव यावं, इतकंच माझं मागणं होतं. पण त्यांनी मान वर करून त्या बाईला विचारलं, "ह्या पाण्याले तुम्ही काय म्हणता?"

"सांबरलोळण," ती म्हणाली. "सांबरं लोळते ना उन्हाळ्यात, चिखलात."

"तं थेच लिही बेटी," चाचा मला म्हणाले. "पोरगी असती तं तिनं थेच लिहिलं असतं."

मी म्हटलं, "पण मग ती कुठेच राहणार नाही."

"नाही राह्यणार," ते म्हणाले.

पाण्याची पलीकडची बाजू नोंदवायची राहिली होती. चाचा म्हणाले, चल, मी येतो. ती बाईही उठली आणि विळ्यानं वाट करत पुढे झाली. आम्ही तिघं त्या काठानं फिरलो. चिखलात सांबरांचे खूर उमटलेले होते, काही ताजे. चाचा एकेका ठिकाणी थांबायचे आणि मी मोबाइलवर खूण करेपर्यंत वाट बघायचे, अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखे. परतताना जीपमध्ये डिझेल कमी होतं. त्यांनी कॅन टाकीत रिकामा केला.

नकाशा पूर्ण व्हायला पावसाळा उजाडला. खरं तर त्याला इतका वेळ लागायला नको होता. मी एखादी रेघ आखायचे आणि थांबायचे, कारण बाजूने कोणी म्हणत नव्हतं की ही चुकली. दोन थर केले. एक तेव्हाच्या पाण्याचा, एक आजच्या. तेव्हाचा निळा जागोजाग पसरलेला आणि आजचा बहुतेक फक्त त्या एका घळीत. कडेला लहान अक्षरांत लोकांनी सांगितलेली सगळी नावं. खाली आमच्या कॉलेजचं नाव आणि नियमाप्रमाणे प्रकल्प पूर्ण करणाऱ्या व्यक्तीचं. मी सरांना विचारलं होतं, दोन नावं घालता येतील का? ते म्हणाले, घाल, कोण अडवतं? मी तिचंही घातलं. छापून आला तेव्हा खालची ती ओळ कापण्यात गेली होती. कोणाची चूक म्हणायची? कागद थोडा तोकडा पडला. दोघींचीही नावं गेली, माझंही. पुन्हा छापू म्हणाले, मी नको म्हटलं.

एक प्रत घेऊन मी बसनं दिग्रसला गेले. चाचा गॅरेजमध्ये होते. जीप त्यांनी विकून टाकली होती. कोणाला ते मी विचारलं नाही. चाचींनी जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर नकाशा पसरायला सांगितलं आणि मी पसरला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी रंगांवरून हात फिरवला.

"हेच का ते?"

"हो चाची. हे पांढरकवडा. हा हायवे. ह्या टेकड्या. आणि हे पाणी."

त्या पाण्यावर त्यांचं बोट थोडं थांबलं, मग सरकलं.

"आणि दिग्रस कुठं आहे यात? आपलं घर?"

"दिग्रस नाही येत चाची ह्यात. नकाशा इथेच संपतो. आपण खूप इकडे आहोत, पश्चिमेला."

"किती इकडं?"

मी नकाशाच्या डाव्या कडेपासून बरंच लांब, दस्तरखानाच्या कापडावर बोट टेकवलं. चाचींनी माझं बोट बाजूला केलं आणि त्या जागी आपला तळहात ठेवला. मग त्या ठिपक्याकडे पाहिलं आणि पुन्हा हाताकडे. मधलं कापड पांढरं होतं, त्यावर हळदीचा एक जुना डाग.

"एवढ्या दूर जायची," त्या म्हणाल्या. "मले तं सांगे, इथंच जाऊन येतो."

हात त्यांनी उचलला नाही. आतून कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. उठून गॅस मीच बंद केला.